वारशाने आजार येतो की आजाराचा कल?

"आमच्या घराण्यातच आहे," असं आयबीडीबद्दल, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या आजारांबद्दल, सर्रास म्हटलं जातं. या वाक्याचे दोन अर्थ निघतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात आजारच वारशाने येतो, दुसऱ्यात येतो तो नुसता कल. शब्द मात्र दोन्हीकडे एकच वापरतात, 'आनुवंशिक', आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी पहिला प्रकार, कारण तो दुर्मिळ आहे आणि चटकन सांगून होतो. इंटरल्यूकिन-10 हा रेणू पेशींना 'आता दाह आवरा' असा निरोप देतो. तो निरोप घेणारा रिसेप्टर दोन जनुकांवरून घडतो. त्यांतल्या एकाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर पेटलेला दाह विझतच नाही. बाळ काही महिन्यांचं असतानाच रक्ताचे जुलाब, गुदद्वाराशी भगंदर, वजन वाढत नाही. हा बिघाड 2009 मध्ये उघडकीला आला. तेव्हाच्या एका मुलाचा आजार रक्त घडवणाऱ्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणाने शमलाही. आईवडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलाला धोका चारात एक, हा शाळेतला मेंडेलचा हिशेब इथे चोख बसतो.

बाकीच्या बहुतेक रुग्णांना तोच हिशेब लावायला गेलं की फसगत होते. नॉड-2 चंच बघा. सोळाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाचा क्रोन्सशी संबंध 2001 मध्ये दोन गटांनी एकाच सुमारास दाखवला. जिवाणूंच्या भिंतीचा एक बारीकसा तुकडा ओळखणं हे नॉड-2 प्रथिनाचं काम. त्याच्या एका गाजलेल्या बदलात जनुकामध्ये फक्त एक अक्षर, 'सी', जादा घुसतं. तिथून पुढचं वाचन घसरतं आणि 1040 अमिनो आम्लांच्या प्रथिनाचं शेवटच्या 33 आम्लांचं शेपूट गळून पडतं. तुकडा ओळखायचा तो याच बाजूने, आणि अधू झाली तीच.

एवढं वाचल्यावर वाटतं, झालं, सापडला गुन्हेगार. पण असल्या बदलाची एक प्रत असली तर क्रोन्सची शक्यता दुप्पट ते चौपट होते. दोन्ही प्रती असल्या तर काही अभ्यासांत वीसपटीच्याही वर गेलेली दिसते. वीसपट ऐकून घाम फुटतो, पण कशाच्या वीसपट हे कुणी विचारत नाही. युरोपात क्रोन्स हजारात फार तर दोन-तीन जणांना होतो. त्याच्या वीसपट केली तरी शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांना क्रोन्स होतच नाही. उलट बाजूही आहे: जपानमध्ये नॉड-2 चे हे बदल जवळजवळ सापडतच नाहीत, क्रोन्स मात्र तिथेही आहे.

आयबीडीशी नातं सांगणाऱ्या अशा जागा जनुकसंचात दोनशेच्या वर सापडल्या आहेत. बहुतेकींचा धक्का नॉड-2 च्या तुलनेत नगण्य, आणि बऱ्याचशा क्रोन्स व कोलायटिस दोन्हींत सामाईक. इंटरल्यूकिन-23 या दुसऱ्या निरोप्या रेणूच्या रिसेप्टरमधला एक बदल तर उलट आजारापासून राखण करतो. सगळी बेरीज करूनही भाकीत जमत नाही. एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला क्रोन्स झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भरतं. कोलायटिसमध्ये ते आणखी बरंच कमी. जनुकं तीच, तरी.

मग जनुकं तपासायची कुणी? आजार सहा वर्षांच्या आत, त्यातही दोनच्या आत सुरू झाला असेल, तर जरूर. एकाच जनुकाचा बिघाड निघाला तर उपचाराची दिशाच बदलू शकते. क्रोन्सच्या प्रौढ रुग्णाच्या निरोगी बहिणीने हौसेने नॉड-2 तपासून घेतलं आणि 'आहे' असं आलं, तर वेगळं असं करण्याजोगं फारसं काही नाही. सिगारेट ओढत असेल तर ती सोडायची, कारण सिगारेटने क्रोन्सचा धोका वाढतो. आणि 'नाही' आलं, तरी सोडायचीच.