वासोट्याला मुक्काम बंद का? मुळात सुरुवात धरणापासून आहे

दर डिसेंबरात आपल्या साताऱ्यात हा वाद निघतोच. कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर मुक्काम का करू देत नाहीत, पाण्याच्या बाटल्या मोजायला माणूस कशाला बसवलाय, आणि तिकडं बंदुका घेऊन घुसणाऱ्यांना कोण विचारतं? प्रश्न चुकीचे नाहीत, पण सगळा राग आजच्या वनरक्षकावर काढून उपयोग नाही, हे प्रकरण त्याच्या जन्माआधीचं आहे.

वासोटा मुळात माणसं अडकवून ठेवायचीच जागा. शिवकाळात राजापूरच्या वखारीतले इंग्रज इथं कैदेत होते, आणि १८१८ ला पेशवाई बुडताना सातारकर छत्रपतींच्या घरातली माणसं न दोन इंग्रज अधिकारी पण इथंच कोंडलेले. पण गड आडवाटेला असला तरी खालचं खोरं काय ओसाड नव्हतं, गावं होती, भातखाचरं होती, घाट उतरून चोरवणेकडनं कोकणात जा-ये चालायची, नागेश्वराच्या गुहेतल्या देवाला शिवरात्रीला कोकणातली माणसं वर चढून यायची, अजूनही येतात.

मग कोयना धरण आलं. १९६० च्या दशकात धरणाचा शिवसागर जलाशय भरला, खोऱ्यातली गावं उठली, कुणाला सोलापूरकडं जमीन मिळाली कुणाला रायगड-ठाण्याकडं, आणि काही मंडळी नुसतीच वर डोंगरात सरकली. पलीकडच्या काठाला जायला रस्ताच उरला नाही, बामणोली नाहीतर तापोळ्यातनं लाँच धरायची. म्हणजे अभयारण्याचा बोर्ड लागायच्या वीसेक वर्षं आधीच पाण्यानं जंगलाला कुंपण घातलं होतं, आणि ते कुणी जंगलासाठी घातलं नव्हतं, वीज पाहिजे होती म्हणून झालं.

१९८५ ला कोयना अभयारण्य जाहीर झालं, साधारण ४२४ चौरस किलोमीटर, आणि त्याच वर्षी खाली वारणेच्या खोऱ्यात चांदोली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २७ इथं लागू झालं. राहणारे, जमिनीचा हक्क असणारे, सार्वजनिक रस्त्यानं जाणारे, ड्युटीवरचे सरकारी लोक, असे मोजके सोडले तर बाकीच्यांना आत जायला परवानगी लागते. कायद्यात हे एका ओळीचं काम आहे, पण ज्याचा आजा त्याच वाटेनं हिरडा गोळा करायला जायचा त्याला एका दिवसात घुसखोर ठरवलं की तो आयुष्यभर वनखात्याच्या बाजूनं उभा राहत नाही. चांदोलीत तर गावंच्या गावं सांगली-कोल्हापूरकडं हलवली आणि देव आत राहिले. माझं स्पष्ट मत आहे, जंगलातली खबर देणारी माणसं खात्यानं तेव्हाच गमावली.

पुढं २००४ ला चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१० ला दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, जवळजवळ ११६६ चौरस किलोमीटर, त्यातला ६०० च्या आसपास गाभा, म्हणजे कडक राखलेला आतला भाग. साहेबांचं मुख्य ऑफिस कोल्हापुरात, आणि जंगल चार जिल्ह्यांत पसरलेलं. २०१२ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटनच थांबवलं होतं, ऑक्टोबरात बंदी उठली ती अटी घालून, गाभ्याच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला वापरायचा नाही वगैरे. वासोट्यासारखे ट्रेक तेव्हापासून कागदावर जास्तच नाजूक झाले.

आणि नेमकं त्याच काळात गर्दी वाढली. फोटो बघून पुण्या-मुंबईची पोरं यायला लागली, बाटल्या, रात्रीची शेकोटी, स्पीकर. डिसेंबरनंतर वरचं गवत वाळून कडक झालेलं असतं, एक ठिणगी पुरते, वणवा लागला तर विझवायला माणसं लाँचनंच आणायची. म्हणून मुक्काम बंद, पावसाळ्यात प्रवेश बंद, सकाळी बामणोलीत पावती फाडायची आणि अंधार पडायच्या आत परत. गडाच्या पायथ्याला मेट इंदवलीला उतरलं की सॅक उघडून बाटल्या, बिस्किटाचे पुडे, वेफर्सची पाकिटं, एकेक मोजून लिहून घेतात, डिपॉझिट ठेवतात, उतरताना परत मोजतात. वैताग येतो खरा, पण काम होतं, आणि होतं ते फक्त लाँच हे एकच दार आहे म्हणून.

कोकणाच्या बाजूला दार नाहीच. तिकडं कडा आहे आणि कड्याला जुन्या वाटा, चोरवाटा, नाळा, किती ते तिथल्या माणसालाच ठाऊक. भेकर, डुक्कर यांच्यासाठी फासकी, म्हणजे तारेचा फास लावणारा, ठासणीची बंदूक घेऊन रात्री चढणारा तिकडनं येतो, तो काय बामणोलीत पावती फाडत नाही. २०२२ ला चांदोलीत घुसलेले शिकारी जंगलातल्या कॅमेऱ्यात दिसले म्हणून सापडले, आणि त्यांच्या मोबाईलमध्ये घोरपडीवरच्या अत्याचाराचा व्हिडिओ निघाला, ती बातमी देशभर गाजली. तेच कॅमेरे वाघासाठी पण, २०१८ ला एक वाघ टिपला, मग थेट २०२३ च्या डिसेंबरात. म्हणजे ट्रेकरवर सगळा बंदोबस्त दिसतो कारण तो सरळ दारातनं येतो, कड्याची राखण करायला पायी फिरणारी माणसं लागतात आणि ती कायम कमी.

आता यात दोन गोष्टींची भर पडलीय. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून वाघीण आणून इकडं सोडली, अजून आणायचेत. आणि दुसरीकडं जावळीत मुनावळ्याला २०२४ पासून त्याच शिवसागरात जलपर्यटन सुरू झालंय, नवीन महाबळेश्वर या सरकारी गिरिस्थान प्रकल्पाच्या आराखड्यात सुरुवातीलाच २३५ गावं घेतली होती. उद्या काठाकाठानं रिसॉर्ट झाले आणि प्रत्येकाची स्वतःची बोट असली, तर बामणोलीच्या पावतीला विचारणार कोण, हे आराखडा करणाऱ्यांनी आत्ताच सांगावं.