पोटखराबा कसायला घेतलाय? मग सातबाराही दुरुस्त करून घ्या

आमच्या चुलत्यांनी दोन उन्हाळे खपून माळाचा तुकडा वहितीला आणला. दगड वेचले, ताल घातली, तलावातला गाळ ओढून पसरला आणि बाजरी घेतली. पीक कर्जाला गेले तर सातबारा बघून प्रश्न आला, "हे ३५ गुंठे लागवडीत कुठं दिसतायत?" रानात कणसं डोलत होती, कागदावर मात्र पोटखराबाच, म्हणजे लागवडीत न धरलेली जागा.

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात आधी लागवडीयोग्य क्षेत्र असतं, खाली 'पोटखराब क्षेत्र' आणि त्यात वर्ग (अ) व वर्ग (ब). सगळी गोम इथंच आहे. अ म्हणजे मोजणीच्या वेळी पिकाला नालायक ठरलेली जागा: खडक, मुरमाड, खाचखळगे, शिवाय शेतातलं घर, खळं. ब म्हणजे ओढा, नाला, तळं, रस्ता, पायवाट, स्मशानभूमी, पिण्याच्या पाण्याची जागा. अर्ज फक्त अ वर्गासाठी करता येतो. ओढा बुजवून रान केलं असेल तर त्या वाटेला जाऊच नका, उलट अंगाशी येईल.

पूर्वी अ वर्गातली जमीन कसली तरी तिला आकारणी (म्हणजे शेतसारा) लागत नव्हती, म्हणून नोंदही बदलत नव्हती. जमीन वापराच्या १९६८ च्या नियमांत २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून आकारणी बसवून असं क्षेत्र लागवडीयोग्य धरता येतं. सारा थोडा वाढतो, पण त्याला भिऊन थांबण्यात शहाणपण नाही. कर्ज, पीक विमा, गारपिटीची भरपाई यांचा हिशेब लागवडीयोग्य क्षेत्रावरच होतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. मजकूर एवढा पुरे: "गट क्र. अमुकमधील पोटखराब वर्ग (अ) पैकी ०.३५ हे.आर क्षेत्र मी स्वखर्चाने लागवडीखाली आणले असून सध्या त्यात बाजरी आहे. स्थळपाहणी करून सदर क्षेत्र लागवडीयोग्य क्षेत्रात समाविष्ट करावे." सोबत चालू सातबारा, आठ-अ (खातेउतारा), गट नकाशा, आधारची प्रत आणि उभ्या पिकाचे फोटो जोडा. सामाईक खातं असेल तर भावाबहिणींची संमती आधीच घ्या. बहुतेक प्रकरणं तिथंच अडतात.

अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) द्या आणि पोच घ्या. ते रानात येऊन पंचनामा आणि कच्चा नकाशा करतात, मंडळ अधिकारी तो तपासतात. मग प्रकरण तहसीलदारांमार्फत उपविभागीय अधिकाऱ्यांच्या मंजुरीला जातं. आकारणीचं काम भूमी अभिलेखकडे. आदेश झाला की फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, पडतो.

पाहणी पीक उभं असतानाच होईल असं बघा. चुलत्यांनी पहिला अर्ज उन्हाळ्यात दिला होता. नांगरलेल्या मोकळ्या रानात फुफाट्याशिवाय दाखवायला काहीच नव्हतं, मग पुढच्या खरिपापर्यंत थांबावं लागलं.

फेरफार मंजूर झाल्यावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून तिन्ही आकडे स्वतः जुळवा. चुलत्यांचं एकूण १.२० हेक्टर; आधी लागवडीयोग्य ०.८५ आणि पोटखराब ०.३५ होतं, आता सगळं लागवडीयोग्य. आठ-अ वरचा आकारही बदललाय का बघा आणि त्या हंगामाची ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) चुकवू नका.