काउंटीतील पीक-भाव अनुदान (अमेरिका)

मका, गहू, सोयाबीन, तांदूळ, भुईमूग, कापूस अशा ठरावीक पिकांचा भाव किंवा उत्पन्न पडले, की अमेरिकेचे केंद्र सरकार शेतकऱ्यांना रोख रक्कम देते. त्यासाठी सरकार धान्य खरेदी करत नाही. माल नेहमीच्या बाजारात विकला जातो आणि भावातली तूट नंतर भरून दिली जाते. पैसा वॉशिंग्टनहून येतो, पण दप्तर असते काउंटीत, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागात. तिथे कृषी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’चे कार्यालय असते आणि त्यावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली 3 ते 11 जणांची समिती असते.

2014 च्या कायद्यापासून दोन मुख्य योजना चालू आहेत. पहिली ‘प्राइस लॉस कव्हरेज’. कायद्याने ठरवलेल्या संदर्भ किमतीपेक्षा देशाचा सरासरी बाजारभाव खाली गेला, तर फरक मिळतो. 2019 च्या गव्हाला संदर्भ किंमत बुशेलला (धान्याचे अमेरिकी माप) 5.50 डॉलर होती आणि सरासरी भाव 4.58 डॉलर निघाला, म्हणजे फरक 92 सेंट. शेताच्या नावे 100 ‘बेस एकर’ आणि एकरी 40 बुशेल उतारा नोंदलेला असेल, तर अनुदानासाठी धरल्या जाणाऱ्या 85 टक्के क्षेत्रावर ढोबळ हिशेबाने 3,128 डॉलर होतात. यातला ‘बेस एकर’ नीट समजून घ्यायला हवा. हे क्षेत्र यंदाच्या पेरणीचे नसून जुन्या पेरणीवरून कागदोपत्री ठरलेले असते. त्यामुळे गव्हाच्या बेसवर आज सोयाबीन उभे असले, तरी पैसे गव्हाचेच येतात.

दुसरी योजना ‘ॲग्रिकल्चर रिस्क कव्हरेज’. तिचा प्रचलित प्रकार संपूर्ण काउंटीचे एकरी उत्पन्न, म्हणजे उतारा गुणिले भाव, पाहतो. ते आधीच्या वर्षांच्या सरासरीवरून काढलेल्या हमीखाली आले, तरच रक्कम मिळते. ही हमी पूर्वी त्या सरासरीच्या 86 टक्के होती, 2025 च्या कायद्याने ती 90 टक्के केली. एखाद्याचे शेत गारपिटीने झोपले आणि बाकी काउंटी पिकली, तर त्याला या योजनेतून काहीच मिळत नाही. त्यासाठी पीकविमा वेगळा घ्यावा लागतो. काउंटीच्या हद्दीवरच्या दोन लगतच्या शेतांना वेगवेगळी रक्कम मिळते ती हिशेब काउंटीवार असल्यामुळेच. शेत दोन काउंट्यांत पसरलेले असेल, तर पूर्वी दप्तर जिथे असेल तिथला दर लागे. 2018 च्या कायद्याने जमीन जिथे आहे तिथला दर लागू केला.

अनुदान पोचते कोणाला, हा प्रश्न अनुदानाइतकाच जुना आहे. 1933 च्या पहिल्या कायद्यात पेरा कमी करण्याबद्दल पैसे मिळत. दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यात अनेक जमीनदारांनी कुळांचा वाटा स्वतःकडे ठेवला, कित्येकांना जमिनीवरून काढले. त्यातूनच 1934 मध्ये आर्कान्सा राज्यातल्या टायरोन्झा गावी काळ्या आणि गोऱ्या कुळांनी मिळून संघटना उभारली. सर्वोच्च न्यायालयाने 1936 मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला. 1938 मध्ये नव्या रूपात तो परत आला. काउंटी समित्यांवर गोऱ्या जमीनदारांचे वर्चस्व दीर्घकाळ टिकले, आणि कर्जे व अनुदानांतल्या भेदभावाविरुद्ध काळ्या शेतकऱ्यांनी लढलेल्या खटल्यात 1999 मध्ये तडजोड झाली.

आज रोख खंडाने जमीन कसणाऱ्यालाच अनुदान मिळावे, असा नियम आहे. वाट्याने कसली जात असेल तर ते मालक आणि कसणारा या दोघांत विभागते. पण बेस एकर जमिनीला चिकटलेले असल्याने मालक पुढच्या करारात खंड वाढवून त्यातला हिस्सा घेऊ शकतो. शिवाय रक्कम हंगामाचा सरासरी भाव जाहीर झाल्यावर, कापणीनंतरच्या वर्षी ऑक्टोबरात येते. बियाण्या-खतांची बिले आणि खंडाचा हप्ता तोवर थांबत नाहीत.