तळ्याचं अजीर्ण

पाण्याचं प्रदूषण म्हटलं की आपण विष शोधतो. पण जगातली कितीतरी तळी विषापेक्षा अतिपोषणाने नासली आहेत, आणि त्यातला मुख्य गुन्हेगार आहे फॉस्फरस. तो खतात असतो, मैल्यात असतो, अनेक साबण-पावडरींतही असायचा.

शेवाळाला वाढायला कार्बन हवेतून मिळतो. नायट्रोजनसुद्धा काही सूक्ष्मजीव हवेतूनच ओढून घेतात. फॉस्फरसला मात्र हवेची वाट नाही, त्यामुळे गोड्या पाण्यात बहुधा तोच कमी पडतो आणि शेवाळ आटोक्यात राहतं. साबण-उद्योगाला हे पटत नव्हतं. दोष कार्बनचा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १९७३ साली एक झकास प्रयोग केला. २२६ क्रमांकाच्या तळ्याची कंबर अरुंद होती, तिथे प्लास्टिकचा पडदा लावून त्यांनी तळ्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस फक्त एका बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून काढलेल्या त्या फोटोने जे काम केलं, ते आकड्यांच्या तक्त्यांना क्वचितच जमतं.

हिरवं पाणी वाईट का? २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो; लिटरभर हवेत तो सुमारे २८० मिलिग्रॅम असतो. एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर मासे जगतात. शेवाळ मरून तळाशी बसलं की ते कुजवणारे जीवाणू तीही संपवतात.

शिवाय शेवाळासारखेच फोफावणारे नील-हरित जीवाणू विषं तयार करतात. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण मायक्रोसिस्टिन हे त्यांचं विष उकळल्याने नष्ट होत नाही. पाण्याची वाफ होऊन उलट ते आणखी दाट होतं.

खरी पंचाईत गाळात आहे. ऑक्सिजन असेपर्यंत तळाच्या गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. ऑक्सिजन संपला की पकड सुटते आणि वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. म्हणून सांडपाणी बंद केल्यावरही काही तळी अनेक वर्षं हिरवीच राहतात. सिअॅटलजवळचं लेक वॉशिंग्टन नशीबवान ठरलं: ते खोल होतं, उपाय वेळीच झाला. १९६३ ते १९६८ या काळात त्यात येणारं सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि सत्तरच्या दशकात पाणी नितळ झालं. अर्थात सांडपाणी वळवायला दुसरी जागा प्रत्येकाकडे नसते.

साधारण सांडपाणी प्रकल्प कुजणारा मैला काढतो, पण विरघळलेला फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जाऊ देतो. तो काढायला लोह किंवा तुरटीसारख्या अॅल्युमिनियमच्या क्षारांची, नाहीतर फॉस्फरस साठवणाऱ्या जीवाणूंची वेगळी पायरी लागते. तेव्हा ‘प्रक्रिया केलेलं पाणी तळ्यात सोडतो’ असं कुणी सांगितलं, तर त्यात लिटरमागे फॉस्फरस किती, हे विचारायला हवं.