टायट्रेशनच्या गणितातला हरवलेला ‘दोन’

१० मिली सल्फ्युरिक आम्ल उदासीन करायला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली लागलं, तर आम्लाची मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागे मोल, किती? (मोल हे रेणू मोजायचं एकक.) अकरावी-बारावीतली निम्मी मुलं एम१व्ही१ = एम२व्ही२ (मोलॅरिटी गुणिले आकारमान, दोन्हीकडे सारखं) लिहितात आणि ०.२ उत्तर काढून मोकळी होतात. बरोबर उत्तर ०.१. या आम्लाच्या एका मोलला अल्कलीचे दोन मोल लागतात, तेव्हा दोननं भागायचं राहून गेलेलं असतं. गंमत म्हणजे हेच ०.२ आजोबांच्या जर्नलमध्ये बरोबर धरलं गेलं असतं.

टायट्रेशन, म्हणजे एक पदार्थ मोजून थोडाथोडा घालत दुसऱ्याची तीव्रता काढणं, जन्मलं तेव्हा त्यात गणित नव्हतंच, होता तो बाजार. १७२९ मध्ये पॅरिसच्या क्लोद जोझेफ जोफ्र्वा यांनी व्हिनेगर किती तेज आहे हे पाहण्यासाठी त्यात पोटॅशियम कार्बोनेटची पूड थोडीथोडी टाकली आणि फसफसणं थांबेपर्यंत किती पूड खपली ते मोजलं. पापडखारावर लिंबू पिळून पाहिलेल्या कुणालाही ही खूण कळेल. १७५६ मध्ये स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होम यांनी उलट बाजूनं तेच केलं. लिननचं कापड शुभ्र करायला लागणारी पोटॅशची राख अस्सल की भेसळीची, हे ठरवायला ते पातळ नायट्रिक आम्ल चहाच्या चमच्यानं घालत आणि चमचे मोजत. त्यांचं ब्युरेट (द्रव मोजून सोडायची नळी) म्हणजे हा चमचा!

पुढं कापडाच्याच धंद्यातून, फ्रान्समधल्या रूआँ गावी, देक्र्वाझीय यांनी रेघा आखलेली काचेची नळी आणली. ‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ ही नावं रुळली ती फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसॅक यांच्या १८२४ च्या लेखनापासून. मूळ फ्रेंचमध्ये ब्युरेट म्हणजे तेल-व्हिनेगरची छोटी सुरई. ‘टायट्रेशन’ हा शब्द तर सराफाच्या पेढीवरचा. फ्रेंच ‘तित्र’ म्हणजे सोन्याचांदीची शुद्धता, आपल्याकडचा ‘कस’. गे-ल्युसॅक टाकसाळीसाठी चांदीचा कस मिठाच्या द्रावणानं काढत. ‘अनुमापन’ या पाठ्यपुस्तकी शब्दापेक्षा ‘कस काढणं’ मला जास्त जवळचं वाटतं.

या मंडळींना आकडेमोड नकोच होती. अल्कली तपासताना गे-ल्युसॅक नमुन्याचं वजन आणि आम्लाची तीव्रता अशी बेतत, की नळीवर जो आकडा दिसेल तीच शुद्धतेची टक्केवारी. गिऱ्हाईकासमोर भागाकार करत कोण बसणार?

कोणतं आम्ल किती अल्कलीला पुरतं, हे मात्र कुणीतरी आधी वजनं करून ठरवायला हवं होतं. ते कष्ट जर्मनीच्या येरेमियास रिख्टर यांनी १७९२ च्या सुमारास घेतले. १८०२ मध्ये फिशर यांनी त्यांचे आकडे एकाच तक्त्यात बसवले आणि सल्फ्युरिक आम्लाला १००० धरून बाकीचे त्या मापात लिहिले. सममूल्यभाराची, म्हणजे एकमेकांना नेमक्या पुरणाऱ्या वजनांची, सुरुवात ही.

त्यावर कळस चढवला कार्ल फ्रीडरिख मोर यांनी. प्रॅक्टिकलमध्ये पोटॅशियम परमँगनेटसमोर येणारं ‘मोर्स सॉल्ट’ यांच्याच नावाचं. रबरी नळीला चिमटा लावलेलं ब्युरेट त्यांनी रूढ केलं, आणि १८५५ च्या ग्रंथातून ‘नॉर्मल’ द्रावणांची पद्धत घरोघरी, म्हणजे प्रयोगशाळोप्रयोगशाळी, पोचवली. लिटरमागे एक सममूल्यभार घेतला की कोणतंही नॉर्मल आम्ल कोणत्याही नॉर्मल अल्कलीला समसमान पुरतं. सल्फ्युरिकचा तो दोन बाटली भरतानाच वजनात जिरवलेला असतो. म्हणून एन१व्ही१ = एन२व्ही२ (एन म्हणजे नॉर्मॅलिटी) डोळे मिटून चालत असे, आणि आपल्या उदाहरणातलं आम्ल खरोखरच ०.२ नॉर्मल आहे!

गुलाबी रंग देणारं फिनॉल्फथॅलिन बरंच उशिरा आलं. बायर यांनी ते १८७१ मध्ये बनवलं आणि काही वर्षांत ते दर्शक म्हणून, म्हणजे टायट्रेशन पुरं झाल्याचं रंगानं सांगायला, वापरात आलं.

मग इतकी सोयीची नॉर्मॅलिटी मागं का पडली? कारण ती बाटलीची नसते, अभिक्रियेची असते. फॉस्फोरिक आम्लाचं टायट्रेशन मिथाइल ऑरेंज या दर्शकानं केलं तर ते एक हायड्रोजन देऊन थांबतं, फिनॉल्फथॅलिननं केलं तर दोन. म्हणजे एकाच बाटलीच्या नॉर्मॅलिटी दोन; लेबलावर कोणती लिहायची? १९७१ मध्ये मोल आंतरराष्ट्रीय एसआय एककांत आला आणि पुस्तकं हळूहळू मोलॅरिटीकडं वळली. मुलांच्या तोंडी सूत्र मात्र जुन्याच चालीचं राहिलं, नुसतं एनच्या जागी एम आलं. मोर यांनी बाटलीत दडवलेला दोन आता विद्यार्थ्याच्या गळ्यात.

माझ्या मते हे सूत्र काही दिवस फळ्यावरून पुसून टाकावं. २० मिली × ०.१ म्हणजे २ मिलिमोल अल्कली. आम्ल त्याच्या निम्मं, १ मिलिमोल. ते १० मिलीत आहे, म्हणून ०.१ मोलर.