ठेंगणी स्पोर्ट्स कार आणि रस्त्यावरचा बर्फ

मॉन्टे कार्लो रॅली ही मोटारींची शर्यत भर जानेवारीत होते, फ्रान्सच्या आग्नेयेकडच्या आल्प्समधल्या अरुंद घाटांतून. 1968, 1969 आणि 1970 अशी सलग तीन वर्षं ती पोर्शे नाइन-इलेव्हनने जिंकली. जमिनीलगत बसलेली, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी आणि इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असलेली ही दोन दारांची गाडी. बर्फात जायचं म्हटलं की आज लोक आधी उंच एसयूव्ही शोधतात आणि स्पोर्ट्स कार वसंतापर्यंत झाकून ठेवतात. ही सावधगिरी गैर नाही, पण तिचं कारण बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. बर्फावर गाडी चालेल की घसरेल हे मुख्यतः टायरचं रबर कोणतं आहे आणि त्या रबरावर किती वजन पडतंय यावर ठरतं. ठेंगणेपणाचा अडसर खराच आहे, पण तो एका ठरावीक क्षणी उभा राहतो आणि तो क्षण आधी ओळखता येतो.

कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक, म्हणजे पकड किती हे सांगणारा आकडा, साधारण 0.8 ते 1 असतो. गाड्यांनी दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो 0.2 ते 0.3 पर्यंत खाली येतो आणि पारदर्शक, गुळगुळीत थरावर 0.1 किंवा त्याहूनही कमी होतो. याचा परिणाम इंजिनावर काय होतो ते पाहण्यासारखं आहे. आजच्या नाइन-इलेव्हन कॅरेराचं वजन सुमारे 1500 किलो, ताकद 380 अश्वशक्तीहून जास्त, आणि शून्यापासून ताशी 100 किमी वेग गाठायला तिला लागतात 4 सेकंदांच्या आसपास. घर्षणांक 0.25 धरून गणित केलं, तर दाबलेल्या बर्फावर त्याच कामाला किमान 18 सेकंद लागतात, चालक कितीही निष्णात असला तरी. ताशी 50 किमी वेगाला तिच्या मागच्या टायरांना जेमतेम 45 अश्वशक्ती रस्त्यावर उतरवता येते. उरलेली ताकद फक्त चाकं जागच्या जागी फिरवते. त्या घर्षणाने बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि चाकाखालचा भाग आधीपेक्षा गुळगुळीत होऊन बसतो. म्हणूनच बर्फात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलतात आणि ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका ठेवतात.

मग नाइन-इलेव्हन जिंकली कशी? तिचं सुमारे 60 टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, आणि ताकदही तीच चाकं देतात. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशा गाडीत मागे साधारण 48 टक्केच वजन येतं. हे आकडे घाटाच्या चढाला लावून पाहू. घर्षणांक तोच, 0.25. नाइन-इलेव्हन शंभर मीटर अंतरात सुमारे 16 मीटर उंची चढू शकते, तर दुसरी गाडी साडेबारा मीटरच्या आसपास हात टेकते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढे 60 टक्के वजन असलं, तरी चढावर ते मागे सरकतं, त्यामुळे ती 14 मीटरच्या आसपास थांबते. टायर सगळ्यांना सारखेच धरले आहेत. केवळ वजन कुठे ठेवलं यावरून इतका फरक पडतो, ही मला यांत्रिकीतली फार देखणी गोष्ट वाटते.

आता रबराकडे येऊ, कारण खरी कळ तिथे आहे. उन्हाळी स्पोर्ट्स टायरचं रबर गरम रस्त्यासाठी बनवलेलं असतं. तापमान 7 अंशांच्या खाली जाऊ लागलं की ते कडक होत जातं. शून्याच्या बरंच खाली तर असे टायर वापरूच नका, रबराला तडे जाऊ शकतात, असा इशारा टायर कंपन्या स्वतःच देतात. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही लवचीक राहतं आणि त्याच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फात रुततात. खाचांमध्ये बर्फ भरतो, दाबला जातो, आणि रस्त्यावरच्या बर्फाला हा खाचांतला बर्फ धरून ठेवतो. बर्फाची पकड बर्फावर रबरापेक्षा चांगली बसते. हिवाळी टायरची सुरुवात फिनलंडमध्ये झाली. 1934 मध्ये तिथे ट्रकसाठी असा टायर निघाला आणि 1936 मध्ये मोटारींसाठी. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह लागतं. ऑक्टोबर ते ईस्टर हे टायर चढवून ठेवण्याचा तिथला रिवाज पुण्याहून स्टुटगार्टला नोकरीसाठी गेलेल्या मराठी अभियंत्यांनाही पहिल्याच वर्षी शिकावा लागतो. आणखी एक साधी बाब: तापमान 5-6 अंशांनी उतरलं की टायरमधली हवा सुमारे 1 पीएसआय कमी भरते, म्हणून ती थंडीतच तपासावी.

रुंदीचाही प्रश्न आहे. 1964 च्या नाइन-इलेव्हनचे टायर 165 मिमी रुंद होते. आजच्या कॅरेराचे मागचे टायर 295 मिमी आहेत. कोरड्या रस्त्यावर हे वरदान, पण सैल बर्फात रुंद टायरला आपल्यापुढचा जास्त बर्फ ढकलावा लागतो, आणि तो बर्फ तुडवून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचत नाही. त्यामुळे हिवाळ्यासाठी कंपनीने मान्य केलेला अरुंद टायर मिळत असेल, तर तोच घ्यावा.

बर्फ निसरडा का असतो, याचं शाळेत ऐकलेलं उत्तर म्हणजे दाबाने तो वितळतो. गाडीच्या बाबतीत हे टिकत नाही. वितळणबिंदू 1 अंशाने खाली आणायला सुमारे 135 वातावरणांचा दाब लागतो. टायरचा दाब अडीच वातावरणांच्या आसपास, म्हणजे फरक पडतो अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढा. खरं कारण पृष्ठभागात आहे. तिथले रेणू आतल्या रेणूंसारखे घट्ट बांधलेले नसतात, सहज सरकतात. असा थर असावा हे मायकेल फॅरेडे यांनी 1850 मध्येच सुचवलं होतं. त्यात घर्षणाची उष्णता भर घालते. शून्याच्या अगदी जवळ हा थर सर्वांत त्रासदायक असतो. उणे 20 ला तोच रस्ता टायरला बरीच चांगली पकड देतो. भीती वाटायला हवी ती उणे 1-2 तापमानाची.

आता ठेंगणेपणा. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून साधारण 10 ते 13 सेंमी वर असतं, चांगल्या एसयूव्हीचं 20 च्या आसपास. ताज्या बर्फाची घनता पाण्याच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी, म्हणून पुढचा बंपर तो सहज कापत जातो. पण तोच बर्फ पोटाखाली दाबला गेला की काही पट घट्ट होतो आणि गाडीचं वजन पेलू लागतो. पाचवा भाग वजन जरी पोटावर गेलं, तरी टायरची पकड तेवढीच घटते, शिवाय पोट घासून विरोध वाढतो. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून स्पोर्ट्स कारचा तळ सपाट पत्र्यांनी झाकलेला असतो. तो आणखी वजन बर्फावर टाकतो. ओहोटीला वाळूवर पोट टेकून बसलेल्या होडीसारखी गाडी अडकते आणि चाकं नुसती फिरत राहतात. काही गाड्यांचं नाक बटण दाबून सुमारे 4 सेंमी उचलता येतं, पण कमी वेगातच. पोर्शेने 2022 मध्ये आणलेली नाइन-इलेव्हन डकार स्पोर्ट्स सस्पेन्शनच्या कॅरेरापेक्षा 5 सेंमी उंच ठेवली आणि गरजेला आणखी 3 सेंमी उचलता येईल अशी सोय केली. साधी गाडी असेल, तर बर्फाची खोली पोटाच्या उंचीला आली की मागे फिरावं. ट्रकच्या चाकोऱ्यांमधला गोठलेला उंचवटा आणि बर्फ हटवणाऱ्या गाडीने कडेला लोटलेली रांग, या दोन्ही ठिकाणी बर्फ दगडासारखा असतो, तिथे बंपर आणि रेडिएटर फुटू शकतात. साखळ्या लावायच्या, तर चाकाच्या कमानीत जागा थोडी असते, म्हणून माहितीपुस्तिकेत मान्य केलेल्याच लावाव्यात.

वळणावर मागच्या इंजिनाची दुसरी बाजू दिसते. वेगात वळताना घाबरून ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढला, तर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं जड टोक बाहेर फेकलं जातं. 1995 पासून बाजारात आलेली इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा एकेका चाकाला ब्रेक लावून हे सावरते. पण ती उपलब्ध पकडच वाटून वापरते, नवी निर्माण करत नाही. 1968 च्या त्याच रॅलीत आघाडीसाठी झगडणारे जेरार लारूस प्रेक्षकांनी रस्त्यावर टाकलेल्या बर्फावर घसरून बाहेर पडले, आणि नाइन-इलेव्हन चालवणारे विक एल्फर्ड जिंकले. रस्त्याची पकड एका वळणाआड बदलू शकते, आणि कोणताही चालक ती आधी मोजू शकत नाही.

थांबताना इंजिन कुठे आहे किंवा किती चाकांना ताकद मिळते याने फारसा फरक पडत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ताशी 50 किमीवरून थांबायला कोरड्या रस्त्यावर सुमारे 12 मीटर, दाबलेल्या बर्फावर 40 आणि गुळगुळीत थरावर जवळपास 100 मीटर लागतात, चालकाच्या प्रतिसादाचा वेळ वेगळा. अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणून दाबलेल्या बर्फावर ताशी 30 किमी वेग ठेवला की हेच 40 मीटर 14 वर येतात.