कुंड्यांसाठी माती किती आणायची?

मिरग जवळ आला की रत्नागिरी-मालवणकडे गच्चीतल्या कुंड्या रिकाम्या होतात आणि मातीची शोधाशोध सुरू होते. गोची अशी की कुंडीची गरज लिटरात असते आणि गोणी मिळते किलोवर.

आधी कुंडी बघू. 12 इंची कुंडी वर 30 सेंटिमीटर रुंद असली तरी तळाशी बहुतेकदा 20च असते. 27 सेंटिमीटर उंची धरून सरळ नळकांड्याचा हिशेब केला तर 19 लिटर येतात. प्रत्यक्षात मावतात साडेतेरा! आकडेमोड नको असेल तर तळाचं भोक बुजवून लिटरच्या मापाने पाणी ओता. मातीची कुंडी आधी भिजवून घ्या, ती पाणी पिते. वर 3 सेंटिमीटर जागा सोडायचीच, नाहीतर कोकणातली पहिली मोठी सर माती अंगणात आणून टाकते. म्हणजे उरले साडेअकरा लिटर. 10 कुंड्यांना 115.

आता मिश्रण. आपली जांभ्याची लाल माती म्हणजे पावसाने सिलिका आणि चुना धुऊन नेल्यावर मागे राहिलेली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. कुंडीत नुसती तीच भरली तर दडपून घट्ट बसते. म्हणून 2 भाग माती, 1 भाग शेणखत, 1 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पण 2, 1 आणि 1 लिटर मिसळून पुरे 4 लिटर होत नाहीत. मातीचे बारीक कण भुशाच्या पोकळ्यांत शिरतात, आणि पहिल्या पाण्याबरोबर सगळंच आणखी खाली बसतं. यासाठी मी पाचवा हिस्सा जादा धरते: सुमारे 140 लिटर. त्यात 70 लिटर माती, 35 शेणखत, 35 कोकोपीट. कोकोपीटची 5 किलोची वीट भिजून 60 लिटरच्या वर फुगते, तेव्हा अर्धीहून थोडी जास्त पुरे.

कोरडी, भुसभुशीत लाल माती लिटरला साधारण 1.2 किलो भरते, म्हणजे 84 किलो लागेल. इथे 'कोरडी' हा शब्द महत्त्वाचा. 100 किलो कोरड्या मातीत 20 किलो पाणी मुरलेलं असेल, तर 50 किलोच्या गोणीत माती असते जेमतेम 42 किलो. बाकीचे पैसे पाण्याचे. म्हणून माती मे महिन्यातच भरून ठेवावी. पावसात घ्यावीच लागली तर वजनावर न घेता घमेल्याने मोजून घ्या. घमेल्यात किती लिटर मावतं, ते घरी पाण्याने एकदा बघून ठेवायचं.